'उमिमाची डायरी' की 'इकोकु निक्की'?

या दोन्ही 'मांगा'मध्ये, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, आई-बाप गमावलेली शाळकरी पोर नातलगांच्या घरी येते. अकिमी योशिदांच्या ९ खंडी 'उमिमाची डायरी'त वडील गेल्यावर सुझूला तिच्या तीन सावत्र बहिणी कामाकुरा शहरातल्या जुन्या घरी घेऊन जातात. हे वडील त्या तिघींना सोडून गेलेले, म्हणजे दुःख करायचं तरी कोणाचं, असा पेच! पण फुटबॉल, जेवणं, आपसातली भांडणं यांत सुझू हळूहळू घरची होते. वाचायला सुखद, कधीकधी जरा जास्तच.

तोमोको यामाशितांची 'इकोकु निक्की' (११ खंड) मला उजवी वाटते. पंधरा वर्षांच्या आसाचे आईवडील अपघातात जातात. अंत्यविधीला जमलेले नातलग तिची जबाबदारी एकमेकांवर ढकलत असताना लेखिका असलेली माकिओमावशी तिला न्यायला तयार होते. मावशीला मात्र स्वतःची बहीण कधीच आवडली नव्हती आणि ती हे लपवतही नाही. तुझ्यावर माया करता येईल की नाही माहीत नाही, पण तुला तुडवणार नाही, असं ती आसाला बजावते. वर, रोजनिशी लिही, असंही सुचवते. इथे रडू लगेच येत नाही, आसालाही नाही.

नुकतंच कोणी गेलं असेल, तर आधी योशिदा वाचा.