ट्रॅक्टरमागचा टॅक कोट स्प्रेअर : एक हंगाम आणि एक पावसाळा काढल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर आम्ही ट्रॅक्टरला जोडायचा टॅक कोट स्प्रेअर घेतला. टॅक कोट म्हणजे रस्त्याचे दोन थर एकमेकांना चिकटावेत म्हणून मध्ये मारायचा डांबराचा पातळ फवारा. दोन हजार लिटरची टाकी, डिझेल इंजिनवर चालणारा गिअर पंप, मागे नोझल बसवलेला तीन मीटरचा बार आणि कडेकोपऱ्यांसाठी एक हातपाइप. मेहसाणा-अहमदाबादकडे अशी यंत्रं बनवणारे बरेच आहेत आणि रचना जवळपास सारखीच असते, म्हणून कंपनीचं नाव देत नाही. कराड-वाळवा पट्ट्यात नोव्हेंबर ते मे त्यावर कामं केली, मग त्याच रस्त्यांनी एक पावसाळा काढला. आता लिहायला हरकत नाही.

आधी हे यंत्र घेण्याची वेळ का आली ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका रस्त्यावर, कारखान्याकडे वळणाऱ्या फाट्यावर, चंद्रकोरीसारख्या भेगा पडल्या. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तिथे ब्रेक दाबतो. वरचं कारपेट त्या धक्क्याने पुढे सरकलं होतं. कोअर, म्हणजे मशीनने कापलेला रस्त्याचा गोल तुकडा, काढला तर तो मशीनमधून हातात येतानाच दोन तुकडे झाला, वर बीसी (वरचा पातळ डांबरी थर) आणि खाली डीबीएम (त्याखालचा जाड डांबरी थर). बीसीच्या बुडावरून बोट फिरवलं, पिवळट गाळ लागला. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. खडी चांगली, डांबर चांगलं, रोलिंग चांगलं, आणि दोन थरांमधल्या कागदाएवढ्या थराने सगळं घालवलं.

ज्यांना हा थर म्हणजे उगाच काळं शिंपडणं वाटतं त्यांच्यासाठी एक हिशेब. एक जाड फळी घ्या आणि तिच्या निम्म्या जाडीच्या दोन सुट्या फळ्या एकावर एक ठेवा. तेवढ्याच वजनाखाली सुट्या फळ्या चौपट वाकतात. रस्त्याचंही तेच. डीबीएम आणि बीसी एकमेकांना धरून असतील तर एक जाड थर म्हणून चाकाचा भार घेतात, सुटले की प्रत्येक थर आपापला वाकतो आणि पातळ वरचा थर आधी मरतो.

आधी आम्ही पिंपाला पंप लावून हातपाइपने मारायचो, त्याआधी तर झारीने. माणूस कितीही जुना असला तरी हात एकसारखा फिरत नाही. कुठे ओघळ साचतो, कुठे रस्ता बोडका राहतो. जास्त पडलं म्हणजे चांगलं चिकटेल असंही नाही. जादा डांबर दोन थरांमध्ये वंगणासारखं वागतं आणि उन्हाळ्यात वर येऊन रस्ता तुकतुकीत होतो. मोर्थच्या (केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या) २०१३ च्या स्पेसिफिकेशनमध्ये कलम ५०३ आहे, त्यात डांबरी पृष्ठभागावर आरएस-१ इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो सांगितलंय, सिमेंटच्या रस्त्यावर ०.३० ते ०.३५. आम्ही डांबरीवर ०.२५ धरतो. साडेपाच मीटर रुंदीच्या एका किलोमीटरला १३७५ किलो, म्हणजे २०० किलोची जेमतेम सात पिंपं.

यंत्र आलं तेव्हा वाटलं, आता बार आहे, माप आपोआप बसेल. बसलं नाही. पहिल्याच दिवशी रस्त्यावर आडवे तीन पत्रे ठेवले, प्रत्येक ५० बाय ५० सेंटिमीटरचा. ०.२५ च्या दराने पत्र्यावर ६२ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता. डावीकडे ४१, मध्ये ६३, उजवीकडे ८८. एकाच फेरीत, एकाच बारखाली! कारण शोधायला अर्धा दिवस गेला. बार एका बाजूला झुकलेला होता आणि नोझलच्या फटी वेगवेगळ्या कोनात बसवलेल्या होत्या. फट बारच्या रेषेशी थोडी तिरकी हवी आणि सगळ्यांची सारखीच, नाहीतर शेजारच्या दोन नोझलचे पंखे एकमेकांवर आपटतात. पाना घेऊन एकेक नोझल सरळ केलं, बार पाणसळीत घेतला, पुन्हा पत्रे ठेवले. ५९, ६४, ६६. मग जीव भांड्यात पडला. तेव्हापासून दर आठवड्याला आणि नवीन टँकर आल्यावर पत्र्याची चाचणी करतो.

वेगाची गोष्ट याहून मोठी. आमच्या यंत्रातला पंप ठरलेलंच इमल्शन सोडतो, ट्रॅक्टर हळू झाला की थर जाड. ताशी चार किलोमीटरने पावणेतीन मीटर रुंदी मारली तर मिनिटाला साधारण १८० चौरस मीटर होतात, म्हणजे ४६ किलो इमल्शन जायला हवं. ड्रायव्हरने चढावर गिअर बदलला की हे गणित कोसळतं. आम्ही एकच गिअर ठरवला, थ्रॉटलवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली आणि त्याला सांगितलं, दादा, ही रेघ हलली नाही पाहिजे. थांबताना आधी बार बंद, मग ट्रॅक्टर. सुरुवातीला पसरलेल्या कागदावरून निघायचं, म्हणजे पहिला जाड पट्टा कागदावर जातो.

नोझल तुंबणं हा या यंत्राचा रोजचा त्रास. आरएस-१ लवकर फुटणारं, म्हणजे पाणी लवकर सोडणारं, इमल्शन आहे, त्याचं कामच ते. जेवणाच्या सुट्टीत बार भरलेला ठेवला तर उठून आल्यावर दोन-तीन नोझल बसलेली असतात. म्हणून सुट्टीआधी बार टाकीत परत रिकामा करतो, संध्याकाळी डिझेल फिरवून धुतो. सकाळी पहिला फवारा डब्यात काढायचा, रस्त्यावर नाही, कारण बारमध्ये राहिलेलं डिझेल खालच्या डांबराला विरघळवतं. टाकीखाली बर्नर आहे, तो थंडीत थोडाच वापरतो आणि पंपाने इमल्शन फिरतं ठेवून. ७० अंशांच्या वर न्यायचंच नाही. आणि एक काळजीने सांगतो : इमल्शन वापरलेल्या टाकीत कधी गरम डांबर भरायचं झालं तर आधी थेंबभरही पाणी उरलेलं नाही याची खात्री करा. पाण्यावर गरम डांबर पडलं की फेसाळून उसळतं, माणूस भाजतो.

वाऱ्यासाठी बारच्या बाजूला ताडपत्री बांधली आहे. मार्चमध्ये ती नव्हती. फवारा उडून मोटारसायकलवरून चाललेल्या एका आजोबांच्या पांढऱ्या धोतरावर ठिपके उठले. त्यांना घरी जाऊन भेटलो, नवं धोतर दिलं. तेव्हापासून झेंडेवाला दोन्ही बाजूंना, वाहन थांबल्याशिवाय बार उघडत नाही.

पण एवढं सगळं करून यंत्र फक्त माप देतं. थर धरतो की नाही ते आणखी दोन गोष्टींवर ठरतं, आणि त्या दोन्हींत घाई आडवी येते.

एक, इमल्शन फुटू देणं. मारल्या मारल्या ते चॉकलेटी दिसतं. पाणी सुटलं की काळं होतं, बोट लावलं तर चिकटतं पण बोट ओलं होत नाही. नोव्हेंबरच्या सकाळी याला पाऊण तासही लागला, एप्रिलच्या दुपारी पंधरा मिनिटांत झालं. चॉकलेटी असताना डंपर नेला तर टायर सगळं उचलून नेतो आणि नेमका चाकाखालचा पट्टा बोडका राहतो, जिथे ते सगळ्यात जास्त हवं. प्लांटवरून माल निघालेला असतो, गार होत असतो, पेव्हरवाला (माल पसरणाऱ्या यंत्रावरचा) ओरडत असतो, मला कळतं. तरी थांबा. आम्ही आता पेव्हरच्या पुढे दीडशे-दोनशे मीटरच मारतो, त्या दिवशी झाकेल तेवढंच. एप्रिलमध्ये अवकाळीची एक सर आली आणि फुटायच्या आत सगळं गटारात वाहून गेलं. दुसऱ्या दिवशी रस्ता वाळवून परत मारलं.

दुसरी गोष्ट धूळ. आमच्या भागात उसाचा हंगाम आणि डांबराचा हंगाम एकच. शेतातून निघालेला ट्रॅक्टर टायरच्या खाचांमधून काळ्या मातीचे गोळे टाकत जातो, ते चिरडून रस्त्यावर पापुद्रा बसतो. यांत्रिक झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा सुटी धूळ काढतात, हा पापुद्रा काढत नाहीत. त्यावर इमल्शन मारलं तर ते मातीला चिकटतं, रस्त्याला नाही. वरून सगळं काळंभोर आणि देखणं दिसतं.

पावसाळा संपल्यावर तीन ठिकाणी कोअर काढले. त्या जुन्या फाट्यासारख्याच एका वळणावरचा कोअर अखंड आला. मी तो छिन्नी लावून फोडायला सांगितला, फुटला तो खडीतून, सांध्यातून नाही. सरळ भागातलाही अखंड. तिसरा शेताच्या वाटेच्या तोंडाशी घेतला होता, तो दोन तुकड्यांत आला. वरच्या तुकड्याच्या बुडाला काळसर माती, अगदी नखाने खरवडता येईल अशी. स्प्रेअर तिथूनही गेला होता, त्या दिवशीचे पत्रेही बरोबर होते, वहीत आकडे आहेत.

ज्यांची वर्षाला चार-पाच किलोमीटरची कामं आहेत त्यांनी हे यंत्र घ्यावं असं मी नक्की सांगेन. पॅचच्या कामाला हातपाइप पुरतो. आम्ही यंदा वहीत प्रत्येक शेतवाटेचा चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) आधीच लिहून घेतलाय. आदल्या संध्याकाळी तिथे पाणी मारून तारेच्या ब्रशने घासायचं, रात्रभर वाळू द्यायचं, सकाळी हवा मारायची, त्या वाटेचा ट्रॅक्टर थांबवायला माणूस उभा करायचा आणि मगच बार उघडायचा. पहिलं काम पुढच्या सोमवारी आहे, त्या पट्ट्यात अशा अकरा वाटा आहेत.