हात कमी करायचे की ठेका धरायचा?

पोहण्यातली फ्रीस्टाइल येते, कोपर वर ठेवायचं कळतं, डोकं कुठं असावं तेही माहीत आहे, आणि तरी चारशे मीटरच्या पुढं दम टिकत नाही. अशा वेळी दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे लेंथला, म्हणजे तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लागणारे हात (स्ट्रोक) कमी करायचे: हात पुढं लांबवायचा, अंग कुशीवर न्यायचं, घसरत जायचं. दुसरी म्हणजे हातांचा ठेका ठरवायचा आणि तो सुटू द्यायचा नाही. त्यासाठी कॅपमध्ये खोचायचा छोटा बीपर मिळतो, टेम्पो ट्रेनर म्हणतात त्याला. मी दोन्ही वाटांनी एकेक हंगाम पोहलोय. वय ४६, उंची ५ फूट ५ इंच, किक (पायांचा मारा) बेताची. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं याच शरीरावरून सांगणार आहे.

पहिला हंगाम हात मोजण्यात गेला. कॅच-अपचा ड्रिल रोज, म्हणजे मागचा हात पुढं येऊन टेकेपर्यंत पुढचा हलवायचा नाही. २५ मीटरच्या तलावात मला २४ हात लागायचे, ते तीन महिन्यांत १७ वर आले. हा हंगाम वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही. हात पाण्यात शिरला की लगेच खाली दाबायची माझी जुनी खोड याच काळात मोडली. आधी बोटं खाली वळतात, मग कोपरापासून बोटांपर्यंतचा अख्खा हात पाणी मागं ढकलतो, ही जाणीव सावकाश पोहल्याशिवाय आलीच नसती. पाण्यात अंग लांब झाल्यासारखं वाटायचं. बघणारेही म्हणायचे, आता छान दिसतं.

घड्याळ मात्र जागचं हललं नाही. २४ हातांना ३० सेकंद लागायचे, १७ हातांनाही ३० च. कारण पुढं शोधायला जायची गरज नव्हती. एका हाताचा जोर संपून दुसऱ्याचा सुरू होईपर्यंत मधे जी पोकळी राहते, तिच्यात वेग पडतो. पाण्याचा अडथळा साधारण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळं पडलेला वेग दर वेळी नव्यानं उभा करणं एकसारखं पोहण्यापेक्षा महाग पडतं. ज्याची किक दणकट आहे त्याची ही पोकळी पाय भरून काढतात. माझे पाय तेवढ्यात खाली बसायचे.

पण वेळ सुधारली नाही म्हणून मी वाट बदलली असं नाही. वेळेचं दुःख मला फारसं नव्हतं. मला नको झालं ते श्वासासाठी थांबणं.

हे जरा सविस्तर सांगतो. १७ हातांच्या पोहण्यात माझा एक हात साधारण दीड सेकंदाचा होता. दर दोन हातांनी श्वास घेतला तरी दोन श्वासांत ३ सेकंद जायचे. पहिल्या चार लेंथना काही वाटत नाही. आठव्या-दहाव्या लेंथला छाती हवा मागायला लागते, आणि उजवा हात आपला पुढं शांत पसरलेला असतो. तोंड पाण्याखाली, हवा सोडून झालेली, आणि शिस्त म्हणते अजून घसर. मग मान आपोआप लवकर वळते, डोकं उचललं जातं, कंबर बसते, आणि लांब स्ट्रोकनं कमावलेलं सगळं त्या एका श्वासात जातं. जितकं नीट पोहायला जावं तितकी हवा उशिरा मिळते, हे मला कधीच पचनी पडलं नाही.

डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर समुद्रात ३ किलोमीटर पोहलो तेव्हा तर याचा निकालच लागला. तोंड वळवलं आणि नेमकी लाट आत आली की तो श्वास गेला. म्हणजे पुढच्या श्वासापर्यंत ६ सेकंद. असं लागोपाठ दोनदा झालं आणि मी उभ्यानं पाणी मारत थांबलो. तिथं भिंतीला लाथ मारून मिळणारी विश्रांतीही नसते.

दुसऱ्या हंगामात बीपर लावला. दर हाताला एक बीप, १.३० सेकंदांपासून सुरुवात केली आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडा थोडा खाली आणत १.१५ वर स्थिरावलो. हात १७ चे २० झाले, लेंथ २७ सेकंदांवर आली. गंमतीचा भाग असा की हात अधिक सेकंद अशी जी बेरीज सगळे बघतात, ती दोन्हीकडं ४७ च येते. (घड्याळं बहुधा एकाच मनगटाचे हात मोजतात, मी दोन्ही हातांचे धरतोय.) आकड्यांवर निवडायला गेलो असतो तर निवडच झाली नसती. पण श्वास ३ ऐवजी २.३ सेकंदांनी येऊ लागला, आणि एखादा चुकला तरी साडेचार सेकंदांत दुसरा मिळतो. एवढ्या पाऊण सेकंदानं माझी मान सैल झाली.

लांब स्ट्रोकवाले चीनच्या सुन यांगचं उदाहरण देतात, आणि ते खरंच बघण्यासारखं पोहणं आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर १४:३१.०२ मध्ये, ५० मीटरला २७-२८ हातांच्या आसपास. तो विक्रम २०२४ पर्यंत टिकला. पण तो साडेसहा फुटी माणूस, आणि पायही त्याचे तसेच. माझ्या उंचीच्या माणसानं अमेरिकेच्या जॅनेट इव्हान्सकडं बघावं असं मला वाटतं. उंची जेमतेम साडेपाच फूट, सरळ हात पवनचक्कीसारखे फिरवत ती १९८८ च्या सोलमध्ये ४०० मीटर ४:०३.८५ मध्ये पोहली, आणि तो विक्रम २००६ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. बघायला तो स्ट्रोक कुणी सुंदर म्हणणार नाही.

ठेक्याच्या वाटेची किंमत खांद्याला मोजावी लागते, हे लपवत नाही. तलावात ३ किलोमीटर म्हणजे १२० लेंथ, म्हणजे माझे ३६० हात जास्त. खांदा आधीच कुरकुरत असेल, किंवा उंची आणि किक दोन्ही चांगल्या असून फक्त तलावातच पोहायचं असेल, तर हात कमी करण्याची वाट कदाचित तुम्हाला जास्त मानवेल. आणि २५ मीटरला २५-२६ च्या वर हात लागत असतील तर बीपर अजून घेऊच नका. घाईला ठेका लावला तर घाईच पक्की होते. आधी दीड-दोन महिने नुसते हात मोजा. पण विसाच्या आसपास आला असाल, समुद्रात उतरायचं असेल, आणि आठव्या लेंथला हवेसाठी मान आधीच वळत असेल, तर मी ठेकाच सुचवीन.

बीपरचा आकडा कमी करताना एकच पथ्य पाळा. ठेका ०.०५ सेकंदानं कमी केल्यावर हात एकानं वाढले तर चालेल. दोनपेक्षा जास्त वाढले तर कोपर पडतंय, हात पाणी न धरता घसरतोय असं समजून मागं या आणि आठवडाभर तिथंच राहा. बीपर कानाच्या मागं, कॅपच्या आत ठेवा. चष्म्याच्या पट्ट्याला लावलेला माझा भिंतीवरून सुटताना दोनदा निसटून तळाला गेला.