लाबेल: आधी 1974 चा ‘नाइटबर्ड्स’ की 2008 चा ‘बॅक टू नाऊ’?

‘लेडी मार्मलेड’ आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक झालं ते 2001 च्या ‘मूलाँ रूज’ चित्रपटामुळे. ते ख्रिस्तिना ॲग्विलेरा, पिंक, माया आणि लिल किम या चौघींनी म्हटलं होतं. मूळ गाणं लाबेलचं, म्हणजे पॅटी लाबेल, नोना हेन्ड्रिक्स आणि सेरा डॅश या तिघींचं. ते आवडलं की पुढचा प्रश्न येतोच, या बायकांचं अजून काय ऐकायचं? दोन अल्बम समोर येतात. एक ऐन भरातला, दुसरा 32 वर्षांच्या ताटातुटीनंतर पुन्हा एकत्र येऊन केलेला.

एकच घ्यायचा असेल तर ‘नाइटबर्ड्स’ घ्या. पण हे उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. साठच्या दशकात फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीच्या या मुली ‘पॅटी लाबेल अँड द ब्लूबेल्स’ म्हणून एकसारखे झगे घालून प्रेमगीतं गायच्या. तेव्हा त्या चौघी होत्या. 1967 मध्ये सिंडी बर्डसाँग ‘सुप्रीम्स’ या दुसऱ्या गायिकांच्या गटात गेली आणि तिघी उरल्या. मग ब्रिटिश टीव्हीवर ‘रेडी स्टेडी गो’ हा कार्यक्रम करणारी व्हिकी विकम त्यांची मॅनेजर झाली. तिने जुनं नाव आणि जुने झगे दोन्ही मोडीत काढले, आणि नोनाला गाणी लिहायला बसवलं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. लाबेलचा आवाज पॅटीचा असेल, पण डोकं नोनाचं आहे, आणि ते दोन्ही अल्बमवर दिसतं.

‘नाइटबर्ड्स’ न्यू ऑर्लीन्समध्ये झाला. निर्माता ॲलन तूसाँ, सोबत विकम, आणि साथीला ‘मीटर्स’ या बँडमधले वादक. त्यामुळे अख्ख्या अल्बमला एकाच गावचं पाणी आहे. ठेका घाईत नाही. बास मागे रेलून चालतो, पियानो मध्येच चिमटा काढून जातो. त्यावर तीन आवाज. सेरा वर, अगदी तारसप्तकात, नोना खाली, भरड आणि थोडी कोरडी, आणि मध्ये पॅटी, जी कधी कुठे उसळेल सांगता येत नाही. हेडफोन लावून ‘लेडी मार्मलेड’ ऐका आणि मुद्दाम पॅटीकडे दुर्लक्ष करून मागच्या दोघींवर कान ठेवा. त्या नुसत्या साथीला नाहीत. ओळ अर्धी उचलतात, टाकतात, पुन्हा उचलतात. 2001 च्या आवृत्तीत चौघी आळीपाळीने समोर येतात. इथे तिघी एकाच वेळी समोर आहेत. मार्च 1975 मध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, ते काही फक्त चावट विषयामुळे नाही.

पण अल्बम घ्यायचा तो शीर्षकगीतासाठी. ‘नाइटबर्ड’ नोनाने लिहिलंय. संथ आहे, आणि पॅटी बराच वेळ स्वतःला आवरून धरते. तिला आवरलेलं ऐकायला मिळणं दुर्मीळच. ‘व्हॉट कॅन आय डू फॉर यू’ हे नाचाचं गाणं, पण त्यात मागणी शांततेची आणि सन्मानाची आहे. ‘ऑल गर्ल बँड’ मात्र मला कधीच फारसं रुचलं नाही. तूसाँने लिहिलेलं गोड गाणं आहे, पण या तिघींच्या मानाने फार मवाळ.

हा तोच काळ, जेव्हा लॅरी लेगास्पीने शिवलेले रुपेरी अंतराळवीरांचे पोशाख घालून त्या मंचावर यायच्या. ऑक्टोबर 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. तिथे गाणारा तो पहिला कृष्णवर्णीय पॉप गट. प्रेक्षकांनाही रुपेरी काहीतरी घालून या असं सांगितलं होतं.

1976 च्या ‘कमीलियन’ या अल्बमनंतर गट फुटला. नोनाला रॉककडे जायचं होतं, पॅटीला त्यात रस नव्हता. पुढे पॅटी मोठी एकल गायिका झाली. मायकेल मॅक्डॉनल्डसोबतचं तिचं गाणं 1986 मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. नोना ‘टॉकिंग हेड्स’सोबत गायली, सेरा किथ रिचर्ड्सच्या एकल अल्बमवर. हे सांगायचं कारण असं की 2008 मध्ये ज्या तिघी स्टुडिओत आल्या त्या बरोबरीच्या राहिल्या नव्हत्या. एक तारका होती आणि दोन उत्तम गायिका.

‘बॅक टू नाऊ’ ऐकताना हेच सतत जाणवतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्यातल्या रोझा पार्क्स यांना आदरांजली म्हणून केलेल्या ‘डिअर रोझा’ या गाण्यासाठी तिघी आधी एकत्र आल्या, आणि त्यातून पूर्ण अल्बम करायचं ठरलं. निर्माते मात्र तीन ठिकाणचे, म्हणजे लेनी क्रॅव्हिट्झ, वायक्लेफ जाँ आणि फिलाडेल्फियाची गॅम्बल-हफ जोडी. परिणाम असा की अल्बमला एकच घर नाही. क्रॅव्हिट्झची गाणी जिवंत वाद्यांची आणि खरबरीत आहेत, गॅम्बल-हफची मखमली. वायक्लेफच्या ‘रोल आउट’मध्ये तिघींना तरुण दाखवायची धडपड आहे, आणि साठी ओलांडलेल्या या बायकांना तिची काहीएक गरज नव्हती. नेमकं तेच गाणं दुसऱ्या क्रमांकावर ठेवलंय. तिथे अल्बम बंद करून उठू नका.

कारण पहिलं गाणं, ‘कॅन्डललाइट’, आणि पुढे ‘विदाउट यू इन माय लाइफ’ ही दोन्ही अशी आहेत की तिशीतल्या लाबेलला ती तशी म्हणता आली नसती. पॅटीचा आवाज आता जाड झालाय, तार स्वरात चिरतो, आणि ती तो लपवत नाही. नोनाचा खालचा सूर आणखी खाली गेलाय आणि मला तर तो आता जास्त आवडतो. ‘सिस्टिम’मध्ये तिची जुनी राजकीय धार शाबूत आहे. कमी पडते ती गुंफण. बऱ्याच गाण्यांत पॅटी गाते आणि दोघी तिला सावरतात. सेरा तर शोधावी लागते.

आणि मग शेवटचं गाणं येतं. कोल पोर्टरचं ‘मिस ओटिस रिग्रेट्स’, 1934 चं. प्रियकराला गोळी घालणाऱ्या एका खानदानी बाईला जमाव तुरुंगातून ओढून झाडाला लटकवतो, आणि हे सगळं एक नोकर अत्यंत अदबीने कळवतो की बाईसाहेब आज जेवायला येऊ शकणार नाहीत. पोर्टरने ते उपरोधाने लिहिलं होतं. जमावाने झाडाला लटकवणं म्हणजे काय हे ज्या समाजाला घरच्या आठवणींतून ठाऊक आहे, त्या समाजातल्या तीन बायका ते गातात तेव्हा उपरोध गळून पडतो. शिवाय हे ध्वनिमुद्रण 2008 चं नाहीच. ते 1970 चं आहे, ड्रमवर ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा किथ मून. म्हणजे तुलना करायला दुसरा अल्बम लावायचीही गरज नाही. नऊ गाणी साठीतल्या आवाजांची, आणि दहाव्यात त्याच तिघी पंचविशीत. तीन आवाज पुन्हा एकमेकींत अडकलेले. स्वतःच्याच पुनर्मीलनाच्या अल्बमच्या शेवटी असं काही ठेवायला धाडस लागतं. मला वाटतं नव्या गाण्यांवर त्याने थोडा अन्यायही होतो.

तर ठरवायचं कसं? फंक आवडतं, गाण्यावर पाय हलायला हवा असेल, किंवा लाबेलला एवढं का मानतात हे समजून घ्यायचं असेल, तर ‘नाइटबर्ड्स’. चाळीस मिनिटांचाही नाही, एका बैठकीत संपतो. पॅटीची एकल गाणी आधीच आवडत असतील किंवा मुरलेल्या आवाजातली संथ गाणी जवळची वाटत असतील, तर ‘बॅक टू नाऊ’पासून सुरू करायला हरकत नाही. संग्रहासाठी दोन्ही घेणार असाल तर क्रम 1974, मग 2008 असाच ठेवा. उलट केलंत तर दुसऱ्यात काय हरवलंय ते कळणारच नाही.

सेरा डॅश 2021 मध्ये गेली, त्यामुळे तिघींचा आणखी अल्बम येणं नाही. दोन्ही ऐकून भूक उरली, तर ‘कमीलियन’कडे वळण्याआधी लॉरा नीरो या गायिकेचा 1971 चा ‘गॉना टेक अ मिरॅकल’ घ्या. मुखपृष्ठावर मुख्य नाव लॉराचं असलं तरी तिघी त्यात पूर्ण गटासारख्या गायल्यात, आणि निर्माते तेच गॅम्बल-हफ.