पार्किंगचं पत्र आल्यावर: पैसे भरावेत, अपील करावं की दुकानात जावं?

ब्रिटनमध्ये गाडी असलेल्या घरात हे पत्र एक ना एक दिवस येतंच. वर आपल्या गाडीचे दोन फोटो, एक आत शिरतानाचा आणि एक बाहेर पडतानाचा. खाली १०० पाउंड, आणि १४ दिवसांत भरले तर ६०. कौन्सिलचा दंड असेल तर त्याचे नियम वेगळे, त्यात मी इथे शिरत नाही. हे लिहितोय ते सुपरमार्केटच्या पार्किंगबद्दल, जिथे दुकान एकाचं, जमीन कधी कधी दुसऱ्याची आणि पत्र पाठवणारी कंपनी तिसरीच. तेही इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडचा कायदा निराळा आहे.

रस्ते तीन आहेत. मुकाट्याने साठ भरायचे, कंपनीकडे अपील करायचं, किंवा पत्र घेऊन थेट दुकानात जायचं. मी तिसरा धरला आणि पुन्हा वेळ आली तर तोच धरेन, पण तो सगळ्यांना लागू पडेल असं नाही.

चौथा रस्ता आधीच बाजूला काढतो, कारण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच सगळ्यात छातीठोकपणे सांगितला जातो. "प्रायव्हेट आहे, काही करू शकत नाहीत, फाडून टाक." एकेकाळी हे बऱ्यापैकी खपून जायचं. २०१२च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टने खासगी जागेत गाडीला जॅमर लावायला बंदी केली, पण त्याच कायद्याने कंपन्यांच्या हातात दुसरं काहीतरी दिलं. गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही, तरी ठरावीक अटी पाळल्या असतील तर रजिस्टर्ड कीपरकडे, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडे, पैसे मागता येतात. पुढे २०१५ मध्ये चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमधलं बीव्हिस प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. दोन तासांची मुभा होती, बीव्हिस नावाचे गृहस्थ ५६ मिनिटं जास्त थांबले, चार्ज ८५ पाउंड. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. "एवढी रक्कम लावताच येत नाही" हा मुद्दा तेव्हापासून निकालात निघाला.

शिवाय आपल्याला एक जुनी सवय असते. महाराष्ट्रात ई-चलानांचा ढीग साचू द्यायचा आणि लोकअदालतीची नोटीस आली की बघू म्हणायचं. इथे गणित उलटं आहे. सवलत सुरुवातीलाच मिळते, नंतर रक्कम फक्त चढते. वसुली कंपनीची पत्रं सुरू झाली की वर ७० पाउंडांपर्यंत भर पडते. त्या पत्रांतली लाल अक्षरं निव्वळ घाबरवायला असतात, दारात येऊन टीव्ही उचलून न्यायचा अधिकार त्यांना नाही. पण काउंटी कोर्टाचा क्लेम आला आणि त्याला उत्तर दिलं नाही तर सीसीजे, म्हणजे पैसे भरा असा काउंटी कोर्टाचा निकाल, लागतो. महिन्याच्या आत पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर बसतो, आणि नेमकं त्याच सुमारास आपलं मॉर्गेज चाललेलं असतं. भाड्याची घरं बदलत राहणाऱ्यांनी तर विशेष जपावं. कंपनी डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून, तुमचा पत्ता मिळवते, आणि व्ही५सीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) जुना पत्ता असेल तर पत्र, स्मरणपत्र, कोर्टाचे कागद सगळे जुन्या घरी जातात. निकाल लागल्यावरच कळतं. त्यामुळे दुर्लक्ष हा पर्याय माझ्या यादीत नाही.

आता साठ पाउंड भरण्याबद्दल. हा सल्ला देणारे लोक मूर्ख नसतात. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी पत्र बघताच सांगितलं, "अहो भाऊजी, भरून टाका. तेवढ्यासाठी डोकं कशाला पिकवायचं?" त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. तुम्ही खरोखर तासभर जास्त थांबला होता, बोर्ड ठळक होता, खरेदीची पावती नाही, गाडी दुकानात लावून तुम्ही पलीकडच्या जिममध्ये गेला होता, तर भरून मोकळं होणं शहाणपणाचं. गाडी लीजवर किंवा भाड्याची असेल तर आधी करार वाचा. काही लीज कंपन्या तुमची माहिती पुढे कळवण्याचे वेगळे पैसे लावतात, आणि काही तर परस्पर चार्ज भरून तुमच्याकडून वसूल करतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. व्हिसाच्या धास्तीने साठ पाउंड भरणारे मला भेटलेत. हा खासगी कराराचा दावा आहे, फौजदारी दंड नाही. पत्र आल्याने तुमच्या नावापुढे गुन्हा लागत नाही. कोर्टाचा निकाल अंगावर येऊ देणं ही गोष्ट वेगळी, आणि ते टाळणं आपल्या हातात असतं.

भरण्याची खरी अडचण अशी की एकदा भरले की प्रकरण बंद. त्यानंतर अपीलही नाही आणि दुकानातला मॅनेजरही हात वर करतो.

माझ्या बाबतीत भरणं जिवावर आलं, कारण मी जास्त थांबलोच नव्हतो. शनिवारी सकाळी आठवड्याचं सामान आणलं. संध्याकाळी अचानक पाहुणे येणार म्हणून पुन्हा त्याच दुकानात दही, कोथिंबीर आणि आइस्क्रीम आणायला गेलो. कॅमेऱ्याने सकाळचं आत येणं पकडलं, संध्याकाळचं बाहेर पडणं पकडलं, आणि मधलं बाहेर जाऊन परत येणं गाळलं. सकाळी निघताना मागे डिलिव्हरीची व्हॅन चिकटून होती, तिने नंबरप्लेट झाकली असावी. कागदोपत्री मी त्या सुपरमार्केटमध्ये साडेसात तास मुक्काम ठोकून होतो. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की पार्किंगवाल्यांच्या भाषेत त्याला 'डबल डिप' असं नावच पडलंय.

साहजिकच पहिल्यांदा अपीलकडे वळलो. कागदावर हा रस्ता भक्कम आहे. अपीलसाठी २८ दिवस असतात. कंपनीने फेटाळलं तर ती पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटनांपैकी, बीपीए आणि आयपीसीपैकी, कुठलीची सदस्य आहे ते बघायचं. बीपीएची असेल तर पोपला या अपील ऐकणाऱ्या संस्थेकडे जाता येतं, आयपीसीची असेल तर आयएएस या तशाच दुसऱ्या संस्थेकडे. पोपलाला पैसे पडत नाहीत, आणि त्यांचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनी कधी कधी त्या टप्प्यावर स्वतःच माघार घेते. आयएएसबद्दल अनुभवी मंडळी फारशी आशेने बोलत नाहीत, पण तिकडे जायची वेळ माझ्यावर आलेली नाही. ऑक्टोबर २०२४ पासून दोन्ही संघटनांची एकच आचारसंहिता लागू झालीय. तिच्यात वेळ संपल्यावर १० मिनिटांची सूट आहे, आणि दुकानात ठेवलेल्या टॅब्लेटवर गाडीचा नंबर टाकताना एखादं अक्षर चुकलं तर चार्ज रद्द करावा असंही आहे. ओ आणि शून्याच्या घोळात सापडलेल्यांनी हे जरूर वापरावं.

मग मी अपीलचा फॉर्म उघडला.

पहिलाच प्रश्न: तुम्ही ड्रायव्हर, कीपर की गाडी भाड्याने घेणारे? उत्तर दिल्याशिवाय पुढचं बटण करडंच राहतं. हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. ड्रायव्हर कोण होतं ते सांगायची कीपरवर सक्ती नाही. कॅमेऱ्याच्या प्रकरणात कंपनीचं पत्र पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत पोहोचलं नाही, तर कीपरकडून वसूल करायचा २०१२च्या कायद्यातला हक्क ती गमावते. पण "मीच चालवत होतो" असं तुम्ही आधीच लिहून दिलंत, तर तो बचाव तुम्ही स्वतःच्या हाताने सोडलात. म्हणून 'कीपर'. बरं, पुढे अपीलच्या कारणांची यादी. गाडी बंद पडली. तब्येत बिघडली. बोर्ड दिसला नाही. गाडी विकली आहे. तिकीट काढलं होतं. 'मी दोनदा आलो होतो' हे कारण यादीतच नाही. 'इतर' निवडलं तर मोजक्या अक्षरांचा एक चौकोन उघडतो, आणि वाक्य मध्येच तुटतं. पुरावा म्हणून एकच फाइल जोडता येते, माझ्याकडे पावत्या दोन. दोन्ही एका फोटोत बसवल्या तर फाइल मोठी झाली म्हणून नकार. फोटो बारीक करेपर्यंत पान 'टाइम आउट' झालं आणि पुन्हा पहिला प्रश्न: तुम्ही ड्रायव्हर, कीपर की...

बरं, त्याच वेबसाइटवर 'आता भरा' दाबून बघितलं तर कार्डाचं पान क्षणात हजर. तिथे ना टाइम आउट, ना अक्षरांची मर्यादा.

माझ्यापुरता निर्णय इथेच झाला. साठ पाउंडांपेक्षा मला हे जास्त लागलं की ज्या कंपनीच्या कॅमेऱ्याने घोळ घातला, तिच्याच फॉर्ममध्ये तो घोळ लिहायला जागा नव्हती. तुमची कंपनी वेगळी असेल, फॉर्म बरा असेल. साधं पत्र किंवा ईमेल घेणाऱ्या कंपन्याही आहेत असं ऐकतो. पण असाच फॉर्म वाट्याला आला तर त्यात संध्याकाळ घालवण्याआधी दुकानात चक्कर मारा, एवढं नक्की सांगेन.

दुकानाचा रस्ता का चालतो, त्याचं कारण साधं आहे. पार्किंग कंपनी तिथे कुणाच्या तरी सांगण्यावरून काम करते. दुकानाने कॅमेरे लावून घेतले ते स्टेशनला जाणाऱ्यांनी दिवसभर गाड्या लावू नयेत म्हणून. दर आठवड्याला ट्रॉली भरून नेणाऱ्या गिऱ्हाइकाने रागावून समोरच्या दुकानात जावं हे त्यांना परवडत नाही. मॅनेजरने कळवलं तर चार्ज रद्द होऊ शकतो, आणि बऱ्याच दुकानांत त्यासाठी ठरलेली पद्धतही असते. फक्त बोर्डावर तसं कुणी लिहीत नाही.

मी सुट्टीच्या दिवशी न जाता आठवड्याच्या मधल्या सकाळी गेलो, गर्दी नसताना. कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरवरच्या मुलीने आधी पाठ केल्यासारखं सांगितलं, "पार्किंग आमच्याकडे नाही, पत्रावरच्या नंबरला फोन करा." इथे बहुतेक जण परत फिरतात. मी आवाज न चढवता ड्यूटी मॅनेजरला दोन मिनिटं भेटता येईल का विचारलं. ते आले. मी पत्र ठेवलं, शेजारी दोन पावत्या ठेवल्या, आणि फोनवर बँकेच्या ॲपमधले दोन व्यवहार उघडून दाखवले. त्यांनी पावत्यांवरच्या वेळा फोटोंखालच्या वेळांशी बोट लावून ताडून पाहिल्या. दुसऱ्या पावतीत दही-कोथिंबीर-आइस्क्रीम बघून म्हणाले, सकाळपासून थांबला असतात तर आइस्क्रीम शेवटी घेतलं ते बरं केलंत. मग आत जाऊन गाडीचा नंबर आणि पत्राचा संदर्भ क्रमांक टाइप करून आले. मी त्यांचं नाव लिहून घेतलं आणि दुकानाच्या ईमेलवरून एक ओळ पाठवायची विनंती केली. ती त्यांनी पाठवली. काही दिवसांनी चार्ज रद्द झाल्याचं पार्किंग कंपनीचं पत्र आलं. माफी वगैरे काही नव्हती, पण मला ती नकोच होती.

यात नशिबाचा भाग असेल. मॅनेजर खडूस भेटला असता तर हा लेख वेगळा झाला असता. माझ्या एका मित्राला दुकानाने सांगितलं की जागा रिटेल पार्कच्या मालकाची आहे, आमच्या हातात काही नाही. त्याला पार्क सांभाळणाऱ्या एजंटला ईमेल करावा लागला आणि वेळ गेला. दुकानाच्या भरवशावर थांबण्यात खरा धोका वेळेचाच आहे. मॅनेजर "बघतो" म्हणतो, पण पत्रावरची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून पत्र आलं की पहिल्या दोन-तीन दिवसांतच दुकान गाठा. उत्तर तोंडी असेल तर ते झालंय असं समजू नका. लेखी काही हातात आलं नाही आणि १४ दिवस संपत आले, तर 'कीपर' म्हणून अपील टाकून ठेवा. त्या मुदतीत अपील केलं तर बहुतेक कंपन्या ते फेटाळल्यावर साठाची सवलत पुन्हा देतात, पण तुमच्या पत्रावर तसं लिहिलंय का ते आधी बघा. पोपलाकडे गेलात तर मात्र ती सवलत गेली असंच धरून चाला, आणि हातात ठोस पुरावा असेल तरच जा. फॉर्मच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉटही काढा, नंतर प्रत मागितली तर मिळेलच याची खात्री नसते.

कागदी पावती टाकून दिली असेल तरी बिघडत नाही. बँकेचा व्यवहार किंवा लॉयल्टी कार्डाच्या ॲपमधली खरेदी पुरते, आणि ॲपमध्ये बिलाची वेळही मिळते. मधल्या वेळात तुम्ही दुसरीकडे होतात हे फोनच्या लोकेशन टाइमलाइनवरून दाखवता आलं तर काउंटरवरची चर्चा दोन मिनिटांत आटोपते. दुकान रिटेल पार्कमध्ये असेल तर परत निघताना प्रवेशाजवळच्या बोर्डाचा फोटो घ्या. पार्किंग कंपनी कुठल्या संघटनेची सदस्य आहे ते त्यावर असतं, आणि जागा सांभाळणाऱ्या एजंटचं नाव पार्कच्या मोठ्या फलकावर किंवा वेबसाइटवर सापडतं.