व्हीआरएफ की नेमस्पेस: राउटिंग डीमनची चूल किती वेगळी मांडायची?

एका लिनक्स राउटरवर दोन ग्राहक, दोघेही १०.०.०.०/८ हेच खासगी पत्ते वापरणारे आणि दोघांनाही बीजीपी (राउटरांमध्ये रूटची देवाणघेवाण करणारा प्रोटोकॉल) हवा. एफआरआर (राउटिंगचं मुक्त सॉफ्टवेअर) टाकायचं हे ठरलंय. आता त्यांना एकाच घरात दोन खोल्या द्यायच्या की चूलच वेगळी मांडायची?

खोल्या म्हणजे व्हीआरएफ, कर्नल ४.३ पासूनची (२०१५) सोय. इंटरफेस व्हीआरएफला जोडला की त्याचं राउटिंग टेबल वेगळं. बीजीपी सांभाळणारा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम), म्हणजे बीजीपीडी, मात्र एकच. १७९ पोर्टवरचं त्याचं सॉकेट तेवढं दर व्हीआरएफला निराळं बांधलेलं. इकडचे रूट तिकडे न्यायला ‘इम्पोर्ट व्हीआरएफ’ची एक ओळ पुरते. पण फायरवॉलचे नियम सामायिक, आणि बीजीपीडी कोसळला तर दोघांचीही सेशन्स पडणार.

वेगळी चूल म्हणजे नेटवर्क नेमस्पेस, कर्नलमधला नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा. तिच्यात इंटरफेस, टेबलं, फायरवॉल, पोर्ट सगळंच स्वतंत्र. दोन बीजीपीडी १७९ वर सुखाने नांदतात. पण फसायला होतं ते इथेच, मीही फसलोय. झेब्रा (कर्नलमध्ये रूट घालणारा एफआरआरचा डीमन) आणि बीजीपीडी आपसात युनिक्स सॉकेटवरून बोलतात आणि ही सॉकेटं म्हणजे डिरेक्टरीतल्या फाइली. नेटवर्क नेमस्पेस फाइलींना हात लावत नाही. (फाइल नसलेली ॲबस्ट्रॅक्ट सॉकेटं तेवढी तिच्याबरोबर वेगळी होतात.) दुसरा झेब्रा दुसऱ्या नेमस्पेसमध्ये चालवा, तरी तो त्याच ‘रन’ डिरेक्टरीतल्या एफआरआरच्या जागेत जातो आणि पहिल्याच्या पिड फाइलीच्या (प्रोसेसचा क्रमांक ठेवणाऱ्या फाइलीच्या) कुलपावर अडकतो. नेमस्पेसमध्ये कमांड चालवणारं ‘आयपी नेटएनएस एक्झेक’ माउंट नेमस्पेस (माउंट केलेल्या फाइलसिस्टिमांचा वेगळा कप्पा) नवी करतं खरं, पण ‘रन’ जसंच्या तसं ठेवतं.

यावर तोड म्हणजे एफआरआरच्या डीमनांचा कॅपिटल ‘-एन’ हा पर्याय. त्याला नाव दिलं की पिड, सॉकेट, कॉन्फिग सगळं त्या नावाच्या उपडिरेक्टरीत जातं. हा पर्याय डीमनला नेमस्पेसमध्ये नेत मात्र नाही. ते वॉचएफआरआरच्या (डीमनांवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) ‘--नेटएनएस’चं काम. एवढं करूनही होस्टवर ‘एफआरआरव्हीटीवाय’ गटात असलेला माणूस दोन्ही सॉकेटं उघडू शकतो. ग्राहकाच्या हाती व्हीटीवायएसएच (एफआरआरची कमांड लाइन) द्यायचं असेल तर माउंट नेमस्पेसही वेगळी हवी.

मधला मार्ग ‘--व्हीआरएफडब्ल्यूनेटएनएस’: डीमन एकच, नेमस्पेस अनेक. सॉकेट ज्या नेमस्पेसमध्ये जन्मतं तिथलंच राहतं, म्हणून हे जमतं. पण डीमन एकटा, त्यामुळे कोसळण्याचा धोका व्हीआरएफइतकाच. नेमस्पेस आधीच कुणीतरी बनवून ठेवल्या असतील तरच मी या वाटेला जाईन.

सगळं एकाच टीमच्या हातात असेल, तर व्हीआरएफ घ्या. उगाच पसारा नको. दोन ग्राहकांचे ॲडमिन वेगळे असतील, तर डीमनही वेगळे.

तपासताना ‘एसएस -एक्स’वर (युनिक्स सॉकेटांची यादी देणाऱ्या कमांडवर) विसंबू नका. ते फक्त आपल्या नेमस्पेसमधली सॉकेटं दाखवतं, सगळं वेगळं झाल्यासारखं वाटतं. त्याच नेमस्पेसमधून ‘रन’मध्ये ‘एलएस’ मारा: शेजाऱ्याची फाइल दिसते का?