फियाटचा सायलेन्सर, एसएस ३०४ आणि मला लागलेला चुना

लांबलचक लिहिलंय, पण जुनी गाडी असेल आणि सायलेन्सर नाहीतर अख्खी एक्झॉस्ट लाइन (इंजिनापासून मागपर्यंतचे धुराचे पाइप) बनवून घ्यायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी एकदा वाचा. वर्षभर लिहायचं टाळत होतो, आपला मूर्खपणा आपणच चारचौघांत कशाला सांगा म्हणून. पण गेल्या महिन्यात ओळखीतला एक मुलगा मला फसवणाऱ्या त्याच माणसाकडे ॲडव्हान्स द्यायला निघालेला कळलं, मग म्हटलं आता बास झालं.

गाडी आहे १९७२ ची फियाट ११०० डिलाइट. पद्मिनी नाही, पद्मिनी हे नाव १९७४ ला आलं, त्याआधी प्रेसिडेंट होती आणि त्याच्याही आधीची ही आमची. आणि डुक्कर फियाट पण नाही, डुक्कर म्हणजे ती त्याआधीची गोल पाठीची, पण सोसायटीत हे सांगून मी थकलोय. १०८९ सीसी, हँड गिअर, कुर्ल्याच्या प्रीमियरमध्येच बनलेली. बाबांनी १९८१ ला सेकंडहँड घेतली, माझ्या मुंजीपासून लग्नापर्यंत सगळं त्याच गाडीत झालं. बाबा आता चालवत नाहीत पण रविवारी चक्कर मारायला पुढच्या सीटवर बसतातच, आणि मी क्लच अर्धा दाबून ठेवला तर अजूनही बोलतात.

सायलेन्सर हा या गाडीचा कायमचा आजार. मुंबईची दमट खारी हवा तर आहेच, पण खरा घात होतो आतून. पेट्रोल जळलं की वाफ तयार होते, आणि गाडी दादर ते माहीम एवढीच फिरवून परत उभी केली की सायलेन्सर नीट तापतच नाही, ती वाफ आत पाणी होऊन साचते आणि पत्रा आतून कुजतो, वरून रंग छान दिसत असतो. ऑपेरा हाउसला तयार लोकल सायलेन्सर मिळायचे, दोन पावसाळे काढले की भोक, मग पॅच, मग पॅचवर पॅच. म्हणून डोक्यात बसलं की एकदाच काय तो खर्च करून स्टेनलेस स्टीलची (एसएस) लाइन बनवून घेऊ, बाबांना पण आता ती भडभड सहन होत नव्हती.

एका रविवारी जुन्या गाडीवाल्यांच्या घोळक्यात एकाने नंबर दिला. गाळा कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत. गेलो तर आजूबाजूला सगळं काळंकुट्ट भंगार आणि याचा गाळा एकदम टापटीप, टिग वेल्डिंगचं मशीन, आर्गनचा सिलेंडर, भिंतीवर एका जीपचा हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जुडगा) टांगलेला, वेल्डिंगचे टाके असे की नाण्यांची चळत आडवी पाडलीय. माणूस बोलायला गोड, पस्तीसेक वर्षांचा, पहिल्या वाक्यापासून दादा. "दादा, आधी माल बघा, मग पैशाचं बोला." आणि खिशातून जुन्या स्पीकरचं मॅग्नेट काढून माझ्याच हातात दिलं. "लावा पाइपाला. चिकटतं का? नाही ना? प्युअर ३०४. बाजूच्याकडे जाऊन लावा, कचकन चिकटेल."

मी लावलं. नाही चिकटलं. आणि तिथेच मी गेलो कामातून.

कारण मला थोडंसं माहीत होतं. ३०४ म्हणजे स्टेनलेसचा चांगला ग्रेड, त्याला मॅग्नेट चिकटत नाही एवढं कुठेतरी वाचलेलं, त्यामुळे मला वाटलं हा माणूस तर आपल्या मनातलीच परीक्षा देतोय, अजून काय पाहिजे. हे नव्हतं माहीत की २०२ ला पण मॅग्नेट चिकटत नाही. २०२ म्हणजे स्वस्तातलं स्टेनलेस, त्यात महागडं निकेल वाचवायला मँगनीज घालतात. किचनच्या रॅकला, जिन्याच्या रेलिंगला ते चालून जातं, पण गाडीच्या खाली, उष्णता, चिखल आणि पावसाळा एकत्र आले की तांबेरतं. आणि गंमत म्हणजे उलटं पण आहे, कंपन्यांच्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये ४०९ ग्रेडचं स्टेनलेस वापरतात, चांगलं टिकतं, आणि त्याला मॅग्नेट चिकटतं! म्हणजे मॅग्नेटने यातलं काहीच ठरत नाही. पण तपासायची पद्धत पण त्याचीच, सामान पण त्याचंच आणि मी आपला मान डोलावतोय.

रेट बोलला ४२,०००, मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेला, धूर गोळा करणारा ओतीव भाग) जागी चार पाइपांचा हेडर, तिथून मागपर्यंत एसएस पाइप, एसएस सायलेन्सर, "लाइफटाइम वॉरंटी". घासाघीस करून ३८,००० ला आणला आणि मनात म्हटलं काय जबरदस्त बार्गेनिंग केलं आपण. २५,००० ॲडव्हान्स. जीपे करायला गेलो तर म्हणे माझं लिमिट संपलंय दादा, भाच्याच्या नंबरवर टाका. टाकले. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं, "एसएस पाइप सेट १ नग", त्याच्यावर ना ग्रेड, ना जाडी, ना जीएसटी नंबर, ना सही. घरी आल्यावर बायको म्हणाली, "हे काय, दूधवाला पण यापेक्षा बरं लिहितो." मी तिलाच समजावलं की हे कारागीर लोक असेच असतात, हातात कला असते, कागदावर जमत नाही.

दहा दिवसांत देतो म्हणाला. मग आर्गन संपला. मग बेंडिंगवाल्याचं मशीन बंद. मग वेल्डर गणपतीला गावी गेला, ठीक आहे, कोकणातला माणूस गणपतीला जाणारच, त्यात मी काय बोलणार. गणपती झाले तर म्हणतो पितृपक्ष चाललाय दादा, तुमच्या या जुन्या गाडीचं काम पंधरवड्यात कशाला, नवरात्रात चांगल्या मुहूर्तावर जोडू. आणि मला, शप्पथ सांगतो, ते पटलं! अडीच महिने गाडी त्याच्या गल्लीत उभी, बॉनेटवर मांजरांचे पाय आणि मागच्या चाकावर कोणाच्या तरी पिचकाऱ्या.

आणि या सगळ्यात ज्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं ती गोष्ट म्हणजे जुना मॅनिफोल्ड. कास्ट आयर्नचा, गाडीबरोबर आलेला, ओरिजिनल. तो पहिल्याच दिवशी त्याने काढून घेतला, फ्लँजचं (जोडाच्या चकतीचं) माप लागेल म्हणून. सायलेन्सर भंगारच होता, पण त्याचे क्लॅम्प आणि हँगर ओरिजिनल होते, ते पण घेतले. मी ना फोटो काढला ना लिहून घेतलं. पाइप कधीही बनतो हो, ओतीव मॅनिफोल्ड आता कोण बनवतंय?

डिलिव्हरी रात्री साडेनऊला. हे मुद्दाम सांगतोय. "दिवसभर ऊन होतं दादा, आत्ताच फिनिशिंग झालं" वगैरे. मोबाइलच्या टॉर्चमध्ये खाली वाकून बघितलं, सगळं चकाचक, आवाज मस्त घुमणारा. मागच्या बाजूचा पाइप ॲक्सलच्या वरून जातो, तिथे टॉर्च पोचतच नाही. उरलेले १३,००० दिले, वर हीट रॅपचे (पाइपाला गुंडाळायच्या पट्टीचे) म्हणून ३,००० अजून. एकूण ४१,०००. मॅनिफोल्ड कुठाय विचारलं तर माळ्यावर गोणीत बांधून ठेवलाय, उद्या पोऱ्याबरोबर पाठवतो. उद्या कसला, आज वर्ष झालं.

पहिली कुरकुर बाबांची. "गाडी ओढत नाही रे." मी म्हटलं तुमचं आपलं काहीतरी. पण केम्प्स कॉर्नरचा चढ जी गाडी थर्डमध्ये घ्यायची ती सेकंड मागायला लागली. बारक्या इंजिनाला उगाच जाडजूड पाइप लावला की आवाज रेसिंगचा येतो पण खालच्या स्पीडचा जोर जातो, हे नंतर कळलं. त्याच्याकडे जो डायमीटर पडून होता तो त्याने लावला, माझ्या गाडीचं माप वगैरे काही नव्हतंच.

दुसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी अवकाळी पाऊस आला, सायनला सिग्नलला पाऊण तास ट्रॅफिक, काचा बंद. बायकोचं डोकं दुखायला लागलं, मग मळमळ, मागे बसलेली मुलगी पेंगायला लागली. मला वाटलं ट्रॅफिकचा धूर. काचा उघडल्या, पाच मिनिटांत बरं वाटलं, परत बंद केल्या की परत तेच. तेव्हा पोटात गोळा आला. पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला स्वतःचा रंग नाही, वास नाही, आणि पन्नास वर्षांच्या गाडीच्या फ्लोअरमध्ये रबरी बुचं निघालेली भोकं असतातच. खाली जॉइंट लीक असेल तर सगळं आत. भिजलो तर भिजलो, चारही काचा उघड्या टाकून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी लालबागच्या काकांकडे गेलो. सत्तरीचे आहेत, टॅक्सींचं काम करण्यात आयुष्य गेलं, २०२३ ला शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या तेव्हापासून अर्धे रिटायर. त्यांच्याकडे आधी का नाही गेलो? कारण त्यांच्याकडे टिग मशीन नाही आणि भिंतीवर जीपचा हेडर नाही. काकांनी इंजिन थंड असतानाच चालू करायला लावलं, ओल्या फडक्याचा बोळा करून मागचा पाइप हाताने दाबून धरला आणि म्हणाले, "ऐक." फ्लोअरच्या बरोबर खाली फुस फुस फुस. साबणाचं पाणी मारलं तर फ्लँजभोवती नुसते बुडबुडे. जोडातून धूर गळू नये म्हणून मध्ये घालतात ते गॅस्केटच नव्हतं, सिलिकॉन फासलेलं, ते जळून गेलेलं. हे तुम्ही घरी पण करू शकता, फक्त इंजिन थंड पाहिजे आणि गाडी उघड्यावर पाहिजे, बंद गॅरेजमध्ये नको.

मग रॅम्पवर चढवली. पुढच्या पाइपावर वेल्डच्या कडेने आत्ताच तपकिरी ओघळ. काकांनी भिंतीवरचं मॅग्नेट घेऊन ॲक्सलच्या वरच्या पाइपाला लावलं, कच्चकन बसलं. साधा लोखंडी पाइप, वर चंदेरी हीटप्रूफ रंग. आणि वाकवताना तो आतल्या बाजूने इतका चेपला होता की तिथून धूर जायला जेमतेम अर्धी जागा. पूर्वीचे लोक पाइपात वाळू ठासून गरम करून वाकवायचे, चेपू नये म्हणून, याने तेवढे कष्ट पण घेतले नव्हते. सायलेन्सर काढून हातात घेतला, हलवला तर आत काहीतरी खुळखुळ. काका म्हणाले, "कापू का? मग परत लागणार नाही हा." म्हटलं कापा.

ग्राइंडर लावला, वरचं कवच सुटलं आणि आतून निघाला दुसरा सायलेन्सर. गंजलेला, कोणत्यातरी व्हॅनचा, दोन्ही टोकं कापलेली, त्याच्याभोवती ग्लासवूल गुंडाळलेलं आणि वरून स्टेनलेसचा पातळ पत्रा पॉलिश करून वळलेला. काका काहीच बोलले नाहीत. चहा मागवला. मला तो चहा अजून आठवतो, कारण कप धरताना हात थरथरत होता.

पाइपाचा तुकडा घेऊन मेटल टेस्टिंगवाल्याकडे गेलो, बंदुकीसारखं मशीन असतं, टेकवलं की काही सेकंदांत आकडे. ३०४ मध्ये क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास आणि निकेल ८ पाहिजे. माझ्यात निकेल एकच्या आसपास आणि मँगनीज नऊच्या वर. टेस्टवाला पोरगा बोलला की एवढ्यासाठी इथवर यायची पण गरज नव्हती, गुलालवाडीच्या बाजारात ड्रॉप टेस्टची छोटी बाटली मिळते, थेंब टाकून बॅटरी लावायची, २०० सिरीज (म्हणजे ते २०२ वगैरे) असेल तर लाल होतो. ती बाटली माझ्याकडे आहे आता. ४१,००० ची बाटली.

त्याला फोन केला तर आधी "दादा असं होऊच शकत नाही", मग "मला पण माल देणाऱ्याने फसवलं", मग "तुम्ही कापलात ना, कापल्यावर वॉरंटी नसते." गाळ्यावर गेलो तर पोऱ्या म्हणाला शेठ गावी. गावी असलेल्या शेठची स्कूटर बाहेर उभी होती. पोलीस चौकीत साहेबांनी नीट ऐकून घेतलं, पण हे सिव्हिल मॅटर आहे, बिल कुठाय? फसवणुकीचं कलम आता ४२० राहिलं नाही, नव्या कायद्यात ३१८ झालंय, एवढी माहिती मात्र मिळाली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकलीय, जिल्हा ग्राहक आयोगात पण जाणार आहे, तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील मित्राने पहिलाच प्रश्न विचारला, ३०४ लिहून कुठे दिलंय? नाही दिलं. नशिबाने व्हॉट्सॲपवर त्याचा एक मेसेज सापडला, "दादा ३०४ च टाकतोय टेन्शन नका घेऊ", आत्ता सगळी भिस्त त्याच्यावर. पैसे भाच्याच्या खात्यात गेलेत, तो म्हणतोय मी या गॅरेजवाल्याला ओळखतच नाही.

त्यामुळे कोणी काम देणार असाल तर बिलावर ग्रेड, पाइपाची जाडी आणि डायमीटर लिहून घ्या, कापायच्या आधी पाइपाचा तुकडा मागा, गाडी दिवसाढवळ्या रॅम्पवर बघून ताब्यात घ्या आणि जुना पार्ट हातात आल्याशिवाय शेवटचा पैसा सोडू नका. जो असल्या अटींवर चिडेल त्याला चिडू द्या.

सध्या काकांनी साध्या लोखंडी पाइपाचा सेट बनवून दिलाय, मापात, खरं गॅस्केट घालून, कुठूनतरी पद्मिनीचा मॅनिफोल्ड शोधून तो बसवलाय. सगळं मिळून ९,५०० लागले. गाडी चढ थर्डमध्ये घेते. बाबा खूश, त्यांना पूर्ण आकडा अजून सांगितलेला नाही.

माझा मूळ मॅनिफोल्ड बहुतेक विकला गेलाय. तिसऱ्या स्टडचा कान एकदा तुटला होता, बाबांनी १९८८ ला ब्रेझिंग करून घेतलेला, तिथे पितळेची पिवळी रेघ आहे, बोटभर लांब, घासली की चमकते. कुर्ल्याला, दो टाकीला, चोरबाजारात कुठेही दिसला तर किंमत न बोलता आधी मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.