पैसे पार्सल आल्यावर द्यायचे, म्हणून निर्धास्त राहिलो

सोलापुरात लग्नांचे फोटो काढतो. वीस वर्षं कॅमेरा गळ्यात आहे, आणि कॅमेऱ्यातच टोपी घालून घेतली. लाज वाटते, तरी लिहितो.

रात्री फोनवर रील बघताना ड्रोनची जाहिरात आली. कस्टमने जप्त केलेला माल, ४के कॅमेरा, जीपीएस, वजन २४९ ग्रॅम, लायसन्स नको, किंमत ₹५,९९९, पैसे पार्सल आल्यावर. लबाडी अशी, की त्यात खऱ्याचा मसाला होता. परदेशी तयार ड्रोन आणायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, हे मला ठाऊक होतं. मग जप्तीचा माल असणारच की! २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं लायसन्स लागत नाही, हेही खरंच. असल्या ड्रोनला बाजारात कितीतरी पट पैसे पडतात, हेही डोक्यात आलं होतं. पण कंबर तलावावर प्री-वेडिंगचं शूटिंग वरून घ्यायची हौस जास्त होती.

चौथ्या दिवशी डिलिव्हरीवाला आला. ‘उघडून बघतो,’ म्हणालो, तर म्हणाला, ‘काका, आधी पैसे, मग खोका. आम्हाला उघडायला परवानगी नाही.’ त्याचं काही चुकलं नाही. त्याचं काम खोका पोचवण्याचं. पार्सल आल्यावर पैसे म्हणजे माल बघून पैसे, हा अर्थ माझा मीच लावला होता.

आत घडीचे चार हात, वरून दिसायला झकास. समोर कॅमेऱ्याचे तीन डोळे. त्यातले दोन नखानं टोकरले तर नुसतं काळं प्लास्टिक. खऱ्या कॅमेरा-ड्रोनचा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा मोटरवाला भाग, बटण दाबताच स्वतःहून मान हलवतो, सरळ होतो. याचा कॅमेरा बोटानं वरखाली करायचा. जीपीएस असतं तर ॲपमध्ये सॅटेलाइटची संख्या दिसली असती, होम पॉइंट, म्हणजे जिथून उडाला ती जागा, नोंदला गेला असता. तसलं काहीच नव्हतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला, भरला ९५ ग्रॅम. दुकानदार म्हणाला, ‘काय बे, याच्यापेक्षा खारीचा पुडा जड हाय की!’

गच्चीवरून उडवला. जरा वारं आलं आणि तो सुटला तो थेट शेजारच्या पत्र्यावर. दुसऱ्यांदा सहा मिनिटांत बॅटरी संपली. व्हिडिओच्या माहितीत ६४० × ४८० लिहिलेलं. ४के म्हणजे ३८४० × २१६०, एवढं तर मला झोपेतही सांगता येतं. सिद्धेश्वराचं शिखर त्यात पाघळलेल्या मेणबत्तीसारखं दिसत होतं.

खोक्यावरच्या नंबरला फोन केला. माणूस फारच गोड. ‘सर, पैसे लगेच परत करतो, एक क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका.’ तिथं मात्र बायको किंचाळली, ‘अहो, पैसे घ्यायला पिन कशाला?’ ती बचत गटाचे हिशेब ठेवते, यूपीआय तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फोन ठेवला, नाहीतर खातंच साफ झालं असतं.

सायबर गुन्ह्यांच्या १९३० नंबरवर आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली. पैसे परत आलेले नाहीत. आता कोणी ड्रोन घेतो म्हटलं की मी एवढंच सांगतो: दुकानात तुमच्यासमोर उडवून दाखवायला लावा, घेतलेला व्हिडिओ तिथंच फोनमध्ये उघडून आकडे बघा, पक्कं बिल मागा. पार्सलच घ्यायचं तर माल उघडून बघू देतील त्यांच्याकडूनच घ्या, आणि उघडताना सलग व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता, म्हणून हाच ड्रोन त्या खोक्यातून निघाला, हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

काल तीच रील पुन्हा आली. पेजचं नाव निराळं, ड्रोन तोच, किंमत ₹४,९९९.